लेक म्हणते लहान मुलांच्या हृदयाची डॉक्टर व्हायचंय

ताई, तुमची लेक एमडी पीडियाट्रिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे मुलांच्या हृदयाचंच करायचं म्हणते. अजून किती शिकणार आणि सतत आजारी लेकरं बघून तिचं कसं होणार, असं तुम्ही विचारलंय. मी परळला मुलांच्या कार्डिअ‍ॅक वॉर्डात सिस्टर होते, आता रिटायर झाले. डॉक्टर नाही मी, पण या क्षेत्रातले डॉक्टर तयार होताना रोज बघितलेत.

वर्षांचा हिशोब आधी उरकते. एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच, एमडी तीन, वर डीएम, म्हणजे हृदयाचं खास शिक्षण, तीन. तिशी गाठतेच. मोठ्यांच्या अँजिओप्लास्टीत जो पैसा आहे तो इथे नाही, आणि काम मोठ्या शहरांतच मिळतं. हे तिला आजच ठाऊक असलेलं बरं.

आता कामाचं. चिरफाड सर्जन करतात. कार्डिऑलॉजिस्ट टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून निदान करतो, औषधं देतो, काही छिद्रं मांडीच्या शिरेतून नळी घालून बटणासारख्या डिव्हाइसने बुजवतो. पण माझ्या मते त्याचं खरं काम आहे वेळ ठरवणं. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असेल, म्हणजे व्हीएसडी, आणि ते बारीक असेल, तर पुष्कळदा आपोआप बुजतं. तिथे आईबापाला ‘काही करायचं नाही, सहा महिन्यांनी या’ हे पटवणं ऑपरेशनपेक्षा अवघड. घरचे लगेच दुसरा डॉक्टर गाठतात. छिद्र मोठं असेल तर बाळ जन्मल्यावर ठणठणीत दिसतं. महिना-दीड महिन्याने फुफ्फुसातला दाब उतरला की रक्त तिकडे धो धो जायला लागतं. मग दूध ओढताना बाळ दमतं, कपाळ घामाने भिजतं, वजन हलत नाही. तेव्हा चालढकल केली तर फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या कायमच्या निबर होतात, आणि मग छिद्र बुजवण्याची सोयच राहत नाही. उलट, हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेलं, ऑक्सिजन कमी पडून निळं झालेलं बाळ आलं तर तास मोजायचे. तिथे प्रोस्टाग्लँडिनचं ड्रिप आधी, म्हणजे जन्मानंतर बंद होणारी वाहिनी उघडी ठेवणारं औषध; बाकी चौकशी मागाहून.

तपासणी बघण्यासारखी असते. चांगला डॉक्टर बाळाला टेबलावर ठेवतच नाही. आईच्या मांडीवर झोपलंय ना, मग तसंच राहू दे. आधी लांबूनच श्वास मोजायचा, मग स्टेथोस्कोप तळहातावर घासून कोमट करायचा आणि ऐकायचं. घसा-कान सगळ्यात शेवटी, कारण एकदा रडायला लागलं की मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, विसरा. आणि जांघेतली नाडी! नवी पोरं घाईत डायपर सोडायचा कंटाळा करतात. हाताची नाडी जोरात आणि जांघेतली लागतच नाही, तर महाधमनी अरुंद असू शकते. आमचे एक सर राउंडला पहिलं तेच विचारायचे. नाडी बघणाऱ्या बोटांवरून आठवलं, या शाखेचा पाया घालणाऱ्या हेलन टॉसिग यांना ऐकू कमी यायचं, त्या बाळाच्या छातीवर बोटं ठेवून ठोके ओळखायच्या. निळ्या बाळांवरचं पहिलं ऑपरेशन १९४४ साली बाल्टिमोरला झालं ते त्यांच्याच कल्पनेतून. लेकीला सांगा, तिला आवडेल.

आईबापाशी बोलणं मात्र कुठल्या परीक्षेत विचारत नाहीत. सासू सोबत असली की पहिला प्रश्न ठरलेला: ‘हिने ग्रहणात काही चिरलं होतं का?’ आमचे सर त्यावर आईकडे नाही, सासूकडे बघून सांगायचे, ‘आजी, दर हजारात आठ-नऊ बाळांना हृदयाचा काहीतरी दोष असतो. यात हिचं काही चुकलेलं नाही.’ मग केसपेपरच्या मागे चार कप्पे काढून छिद्र कुठंय ते दाखवायचे. तो कागद लोक घडी करून पाकिटात ठेवत. मुलगी असेल तर छातीवरचा व्रण आणि लग्न, हा विषय बाप कुजबुजत काढणारच. त्याला हसायचं नाही. पैशाचंही तसंच. महात्मा फुले योजना, शाळा-अंगणवाडीतल्या तपासणीतून आलेल्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, ट्रस्टची मदत, हे सगळं डॉक्टरला माहीत हवं. ‘एमएसडब्ल्यूला (हॉस्पिटलच्या समाजसेवकाला) भेटा’ म्हणून हात झटकणारे पुष्कळ आहेत. रेशनकार्ड आणलंय का, हे स्वतः विचारणारे थोडे.

मन कसं टिकतं म्हणाल, तर सगळी मुलं वाचत नाहीत, खोटं कशाला सांगू. पण बरी झालेली येत राहतात. फॅलोटचं, म्हणजे बाळ निळं पडणाऱ्या एका दोषाचं, ऑपरेशन झालेल्यांना तर झडपेसाठी आयुष्यभर दाखवावं लागतं. निळं होऊन आलेलं पोर मिसरूड फुटल्यावर नोकरीच्या मेडिकलचा फॉर्म भरून घ्यायला येतं आणि सिस्टरला पेढा देतं.

डीएमचा फॉर्म भरायच्या आधी तिने निदान आठवडाभर एखाद्या मुलांच्या कार्डिअ‍ॅक ओपीडीत, विचारून, नुसतं मागे उभं राहावं. इको रूममध्ये नको, तिथे सगळ्यांनाच आवडतं. जिथे आईबापाला निदान सांगतात त्या टेबलापाशी.