झुला ताणून का बांधू नये?

प्रश्न : ट्रेकला नेण्यासाठी पॅराशूट नायलॉनचा हलका झुला घेतला आहे. आमच्या वाडीत आंबा आणि फणस यांच्यामध्ये तो दोरीने चांगला ताणून बांधला, तरी आडवे झाल्यावर खांदे आवळले जातात, पाठ धनुष्यासारखी वाकते आणि आंब्याची सालही दोरीने सोलवटली. झुल्याची क्षमता 200 किलो लिहिली आहे. आमचे काय चुकते? माडाला किंवा सुपारीला झुला बांधावा का?
— एक वाचक, दापोली

उत्तर : आपल्या त्रासाचे मूळ ताणून बांधण्यातच आहे. माणसाचे वजन 70 किलो असेल आणि तो झोपल्यावर दोर आडव्या रेषेशी 30 अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक टोकावर साधारण 70 किलोचाच भार येतो. पण झुला ताणून हा कोन 10 अंशांवर आणला, तर तोच भार 200 किलोंच्या घरात जातो, आणि तो कापडाबरोबर दोराला, गाठीला व झाडालाही सोसावा लागतो. म्हणून झुला मोकळा सोडावा. कापड 3 मीटर लांब असेल, तर बांधल्यावर त्याच्या दोन टोकांमधले सरळ अंतर अडीच मीटरच्या आसपास असावे. मग अंग किंचित तिरपे टाकावे, म्हणजे डोके मध्यरेषेच्या एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला येतील. पाठ बरीच सपाट राहते आणि खांदेही सुटतात. झोळ पडल्याशिवाय असे तिरपे झोपताच येत नाही.

सालीसाठी दोरीऐवजी निदान अडीच सेंटिमीटर रुंदीचा पॉलिस्टरचा पट्टा वापरावा. नायलॉनचा पट्टा वजनाने ताणला जातो आणि झुला हळूहळू खाली येतो. आंबा-फणसाची निवड उत्तम आहे, फक्त वर वाळकी फांदी नाही ना, हे आधी पाहावे. सुपारीचे खोड बारीक असल्याने वाकते. माड भक्कम असला, तरी नारळ आणि झावळ्या कधी पडतील याचा नेम नसल्यामुळे त्याच्याखाली झोपूच नये. शेवगा आणि पांगारा ठिसूळ, तेही टाळावेत.

बसल्यावर पाय जमिनीला टेकतील एवढ्याच उंचीवर झुला ठेवावा. हिवाळ्यात सह्याद्रीत मुक्काम करणार असाल, तर पाठीखाली फोमची मॅट जरूर घ्यावी, कारण अंगाच्या भाराने स्लीपिंग बॅग खालून दबते आणि वाऱ्याचा गारवा थेट पाठीला लागतो.