न कळलेल्या जागी देव बसवू नकोस

प्रिय बाळ,

सलाम.

तुझा मेसेज दोनदा वाचला. चर्चच्या शिबिरात पाहुण्या वक्त्यांनी पडद्यावर फ्लॅजेलमचं चित्र लावलं, जीवाणूच्या शेपटीला गरगरा फिरवणारी ती इवलीशी मोटार, आणि 'ही आपोआप झाली म्हणणाऱ्याने समोर यावं' असं आव्हान दिलं. टाळ्या पडल्या, तूही वाजवल्यास. सोमवारी कॉलेजात तेच मैत्रिणीला ऐकवायला गेलीस आणि तिने विश्रामबागेचा स्टॉप यायच्या आत त्याचा निकाल लावला. ती अंनिसच्या, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या, कामात आहे, मायक्रोबायोलॉजीला तुझ्याच बाकावर बसते आणि तुझ्यापेक्षा वाचून येते. आता तू मला म्हणतेस, 'सर, तिला गप्प करील असं काहीतरी द्या.'

नाही देणार. असतं तरी दिलं नसतं.

जिवंत जीवाणूंची हालचाल बघायला तू स्वतः हँगिंग ड्रॉप केलं आहेस. खळग्याची काचपट्टी, कव्हरस्लिपच्या कडांना व्हॅसलीन, मध्ये लोंबता थेंब. प्रकाश थोडा कमी केला की थेंबाच्या कडेला ते ठिपके सुळकन आडवे जातात, मध्येच गिरकी घेऊन भलतीकडेच निघतात. इतकी वर्षं पोरांना दाखवूनही ते बघताना मला बायबलमधली स्तोत्रसंहिता आठवते. तुलाही आठवू दे, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पण 'हे कसं घडलं ते मला कळत नाही, म्हणून इथे देवाने थेट हात घातला' हे स्तोत्र नव्हे. तिथे आपण आपल्या अज्ञानाला देवाचं नाव देतो. उद्या कुणी ते कोडं सोडवलं की देव तिथून उठला! न कळलेल्या जागी देव बसवू नकोस. या पत्रात मी हे पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळा आला तरी वाच.

तो फ्लॅजेलमचा मुद्दा काही नवा नाही. एक भाग काढला तरी सगळी मोटार बंद पडते, म्हणून ती टप्प्याटप्प्याने होऊच शकत नाही, असं मायकेल बेही या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये मांडलं. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळांत हा विचार आणण्यावरून खटला उभा राहिला. तिथे या विचाराच्या विरोधात साक्ष द्यायला आलेला जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर स्वतः श्रद्धाळू कॅथलिक. हे विज्ञान नव्हे, असा निकाल न्यायाधीशांनी दिला. हे वक्त्यांनी सांगितलं का? तुझ्या मैत्रिणीने सांगितलं. मग लाज कुणाची गेली?

आणि तिने सांगितलं ते खरंच आहे. प्लेगचा जीवाणू पोहत नाही, त्याला ती शेपटी फुटतच नाही. पण बऱ्याचशा तशाच सांगाड्याची एक सुई त्याच्याकडे आहे आणि तिच्यातून तो आपल्या पेशींमध्ये प्रथिनं टोचतो. म्हणजे फिरणारी मोटार नसली तरी त्या सांगाड्याला काम आहे. दोन्हींचं नातं नेमकं कसं, यावर शास्त्रज्ञांचे वाद झाले, होतील. इथवर ती बोलली. पुढचं मी विचारतो. मोटार देवाने हाताने जुळवली असेल, तर सुई कुणी जुळवली? आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. ज्या जीवाणूने त्यांना नेलं, त्याची सुई पडद्यावर का नाही दाखवली? सोयीच्या फटीत देव बसवला की गैरसोयीच्या फटीतही त्यालाच बसवावं लागतं. मग दुःखाच्या प्रश्नावर कुणी हटकलं की आपण घाम पुसत बसतो.

आपल्या ख्रिस्ती लोकांकडे ही समज नव्हती असं नाही. जॉर्ज लमेत्र हा बेल्जियन धर्मगुरू. विश्व प्रसरण पावतंय हे त्याने १९२७ मध्ये मांडलं, १९३१ मध्ये त्याच्या आरंभाची कल्पना मांडली. पुढे १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी भाषणात या नव्या विश्वशास्त्राला बायबलमधल्या उत्पत्तीच्या साक्षीला उभं केलं. लमेत्रला हर्ष व्हायला हवा होता ना? त्याला ते रुचलं नाही. माझा सिद्धांत देवाधर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, असंच तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. रोज मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, करणारा माणूस! देव आहे हे कळायला त्याला विश्वाच्या आरंभीच्या महास्फोटाची गरज नव्हती. आणि सोळाशे वर्षांपूर्वी संत ऑगस्टीन या ख्रिस्ती आचार्याने ख्रिस्ती लोकांना बजावलं होतं की सूर्य-चंद्र-ताऱ्यांबद्दल शास्त्राच्या नावाने काहीतरी बरळू नका, जाणकार परका हसेल आणि मग पुनरुत्थानाबद्दल, मेलेले पुन्हा उठतात याबद्दल, तुमचं ऐकेल कशाला? एवढं जुनं शहाणपण घरात असताना आपण यूट्यूबवरचे 'नास्तिकाची बोलती बंद' छापाचे व्हिडिओ फॉरवर्ड करतो.

माझा आवाज चढला, कळतंय मला. कारणही सांगतो. चर्चच्या युवक संघात मी हेच शिकवत होतो. डार्विन म्हणजे सैतान नव्हे आणि उत्पत्तीचा पहिला अध्याय म्हणजे भूगर्भशास्त्राचं क्रमिक पुस्तक नव्हे, एवढंच. कुणीतरी वर तक्रार केली. 'सर मुलांचा विश्वास डळमळीत करतात.' मला समजावून सांगायला वडीलमंडळींपैकी दोघे घरी आले, चहा घेतला, आणि पुढच्या रविवारपासून वर्ग दुसऱ्याकडे गेला. मी शब्द मागे घेतला नाही, आजही घेत नाही. अढी धरली म्हणतात, म्हणू देत. खंत आहे ती वर्गाची नाही, त्या पोरांची आहे. त्यांतले हुशार होते ते इंजिनिअरिंगला, मेडिकलला गेले, तिथे पहिल्याच वर्षी कुणीतरी हा असला प्रश्न विचारला, घरून नेलेली तयार उत्तरं कोसळली, आणि उत्तरांबरोबर सगळंच गेलं. नाताळला येतात, मागच्या बाकावर बसतात, मला बघून हसतात. त्यांचा विश्वास विज्ञानाने नाही नेला. न कळलेल्या जागी देव बसवायला त्यांना ज्यांनी शिकवलं, त्यांनी नेला. हे कटू आहे, पण मला तसंच वाटतं.

बरं, नीतीचं. 'देव नसेल तर चांगलं-वाईट ठरवणार कोण?' हा शिबिरातला दुसरा मुद्दा. हा पहिल्यापेक्षा वजनदार आहे, पण तू तो उलटा धरलास. चांगुलपणाला शेवटी आधार कशाचा, हा प्रश्न एक. देव न मानणारा माणूस चांगला असू शकतो का, हा वेगळाच. पहिल्यावर दोन-अडीच हजार वर्षं घनघोर चर्चा चालू आहे, आणि 'देवाने सांगितलं म्हणून ते चांगलं, की चांगलं आहे म्हणून देवाने सांगितलं' हा प्लेटोच्या काळचा पेच तुझ्या मैत्रिणीने टाकला नाही हे तुझं नशीब. दुसऱ्याचं उत्तर मात्र तुझ्या शहराने दिलेलं आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे, डॉक्टरकी शिकले आपल्या मिरजेत. देव मानत नव्हते. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात फिरायला निघालेल्या त्या माणसाला गोळ्या घातल्या. त्यांच्या संघटनेत काम करणाऱ्या पोरीला तू तोंडावर म्हणालीस की देवाशिवाय नीती नसते? मला वाचताना कसंनुसं झालं. बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा दुसरा अध्याय उघड. ज्यांच्याजवळ देवाने दिलेलं नियमशास्त्र नाही त्यांच्याही अंतःकरणावर ते लिहिलेलं आहे, असं प्रेषित पौल म्हणतो. म्हणजे तिचा चांगुलपणा आपल्या शास्त्राला धरूनच आहे, तो नाकारायची तुला गरजच काय?

प्रार्थनेने आजार बरे करतो म्हणणाऱ्या चंगाई सभांवर ती जे बोलली त्याला मी तर दुजोराच देईन. प्रार्थना मीही करतो, आजाऱ्याच्या उशाशी बसून करतो. पण स्टेजवर कुबड्या फेकायला लावणं आणि डायबेटिसच्या गोळ्या बंद करायला सांगणं, याला जादूटोणाविरोधी कायदा लागला तर मी साक्षीला जाईन. मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल काढलं. तिथे आपल्या आज्या-पणज्या नर्स झाल्या, आणि आपण आता तेलाच्या बाटल्या विकणाऱ्यांमागे पळतो!

'तुमचा धर्म परका' हे तिचं वाक्य तुला फार लागलेलं दिसतं. यावर रागावू नकोस, तुला फार पुरावे गोळा करायचे नाहीत. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात, कीर्तनात आणलं. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि तिथल्या सिस्टरांशी पिता-पुत्र-पवित्र आत्मा या त्रैक्यावरून, चर्चच्या अधिकारावरून पत्रांतून कडकडून वाद घातला. पुढे केडगावला बसून सबंध पवित्र शास्त्र मराठीत आणलं. प्रश्न विचारणारीच बाई शेवटपर्यंत टिकली, हे लक्षात घे. मात्र मैत्रिणीने उद्या विचारलं की मग तुमच्यात सोयरीक जुळवताना पूर्वीची जात हळूच का काढतात, तर मान खाली घालायची तयारी ठेव. तिथे कुठलाही युक्तिवाद चालत नाही.

मग उभं राहायचं कुठे, असं तू विचारशील. पौलाने करिंथकरांस लिहिलं, ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. घटनेनंतर पंचवीसेक वर्षांतलं हे पत्र. साक्षीदारांपैकी बरेच हयात आहेत, असंही तो लिहितो. त्याने विश्वास जीवाणूच्या शेपटीला बांधला नाही. घडलेल्या, किंवा न घडलेल्या, एका गोष्टीला बांधला आणि ती उघड्यावर ठेवली. तिच्यावर वाद घाल, तासन् तास घाल. मैत्रीण म्हणेल, पुरावा पुरत नाही. म्हणू दे. निदान दोघी एकाच गोष्टीबद्दल बोलत असाल. आणि जिथे ती बरोबर आहे तिथे 'तुझं बरोबर आहे' म्हणायला शीक. तेवढ्याने प्रभूचं काही बिघडत नाही.

पुढच्या शिबिरात फ्लॅजेलमवर बोलायला तुलाच उभं करणार आहेत म्हणे, तू मायक्रोची म्हणून. बोल. त्या सुईसकट बोल. तक्रार झाली तर माझं नाव सांग, माझ्याकडून काढून घ्यायला आता काही शिल्लक नाही.

वाचायला हवंच असेल तर वादविवादाचं पुस्तक नको, बायबलमधलं ईयोब वाच. देवाची बाजू घेऊन फडाफडा उत्तरं देणारे दुःखात पडलेल्या ईयोबाचे तीन मित्र आहेत ना, शेवटच्या अध्यायात देव त्यांच्यावरच भडकतो. बेचाळीस अध्याय आहेत, सेमिस्टर झाल्यावर वाच. आधी प्रॅक्टिकल नीट दे.

तुझे,
सर