फॉर्म नंतर, आधी स्टँडमध्ये जाऊन बस

तुझा मेसेज दोनदा वाचला. टीमच्या फॅनवरच्या तुझ्या संशोधनासाठी ऑनलाइन सर्व्हे टाकला, भरपूर लोकांनी भरला, आकडे छान आले आणि तरी तुला वाटतंय की यात फॅन कुठेच दिसत नाही. अगं, बरोबरच वाटतंय. गाईड म्हणतात एवढ्यावर पेपर होईल, होईलच की, पण तुझा प्रश्न तो नव्हताच.

माझं एकच म्हणणं आहे, आधी बघ. विचारायचं नंतर.

वॅन आणि ब्रॅन्सकोंबची १९९३ ची स्केल घे, फॅन टीमशी किती जोडलेला आहे ते मोजणारी, सात प्रश्न, प्रत्येकाला १ ते ८ पैकी एक आकडा. चांगली आहे, मीही वापरतो. पण टीम हरत असताना शेवटच्या दहा मिनिटांत स्टँडकडे बघ. एकजण गळ्यातला स्कार्फ हळूच काढतो, घडी घालून जॅकेटच्या आत सारतो आणि फोनमध्ये डोकं घालतो. शेजारचा तसलाच स्कार्फ तोंडावर दाबून शेवटपर्यंत उभा. दोघांनीही फॉर्मवर ८ ला टिक केली तर तुझ्या एक्सेलमध्ये ते एकच माणूस झाले की नाही? हरल्यावर टीमपासून लांब सरकण्याबद्दल स्नायडर आणि मंडळींनी १९८६ मध्ये लिहिलंय, वाचलं असशीलच, पण ते सरकणं एकदा डोळ्यांनी बघ ना!

मानसशास्त्रज्ञ सियाल्डिनींनी १९७६ च्या पेपरात काय केलं? अमेरिकेतल्या सात विद्यापीठांत सोमवारी वर्गात कोण विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून आलंय ते मोजलं. टीम जिंकली की जास्त. अभिमान वाटतो का, असं कोणाला विचारत बसले नाहीत. २००५ चा लेव्हिन यांचा प्रयोग तर मी प्रत्येक बॅचला सांगतो. मँचेस्टर युनायटेडच्या फॅनसमोर एक धावणारा पडतो, घोटा धरून विव्हळतो. अंगात युनायटेडचा शर्ट असला तर मदत, लिव्हरपूलचा असला तर बरेचजण सरळ पुढे. मग दुसऱ्या वेळी आधी त्यांना एकूण फुटबॉलप्रेमी म्हणून विचार करायला लावलं, तर लिव्हरपूलवाल्यालाही मदत मिळाली. फॉर्म तिथेही होता, पण उत्तर फॉर्मवर नाही घेतलं, रस्त्यावर घेतलं. "पडलेल्याला मदत कराल का" असं कागदावर विचारल्यावर नाही कोण म्हणणार?

तू स्वतः फॅन, म्हणून नोंदी एकतर्फी होतील म्हणतेस. होतील. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिलनी १९५४ मध्ये हेच तर दाखवलं, प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन अमेरिकन कॉलेजांच्या सामन्याची फिल्म तीच, पण प्रिन्स्टनच्या मुलांना डार्टमथचे फाउल डार्टमथच्या मुलांपेक्षा दुपटीहून जास्त दिसले. मग समोरच्या टीमचा फॅन असलेली एक मैत्रीण शेजारी बसव, दोघींनी वेगळं लिहा. जिथे जुळत नाही तिथे खूण कर, खोडू नकोस.

माझे पेपर कमी आहेत, माहीत आहे. बरोबरीचे सर्व्हेवर सर्व्हे काढून पुढे गेले, मला एका कमिटीने "ही तर नुसती मॅच बघणं झाली" म्हणून सुनावलं, ते अजून सलतं. टीम खालच्या लीगमध्ये गेल्यावर कोण येत राहतं हे सलग बघायचं होतं, ग्रांट मिळाली नाही, राहून गेलं. पण जे लिहिलं ते बघून लिहिलंय आणि आजही त्यातली एक ओळ मागे घेणार नाही.

तेव्हा रविवारी जा. खालच्या रांगेत, मैदानाकडे पाठ करून बस. गोल झाल्यावर वळायचं नाही, हे सगळ्यात अवघड आहे. वही कच्ची असेल तशीच पाठव, सुंदर अक्षरात उतरवून काढलीस तर परत पाठवीन.