नुसतं गवत, मग मैदान कशावरून?

प्रश्न : मुलगी मँचेस्टरला असते. तिनं आम्हाला हार्डनॉटचा रोमन किल्ला दाखवायला नेलं. किल्ल्याच्या वर सपाट गवताळ जागा आहे, ते सैनिकांचं कवायतीचं मैदान म्हणे. तिथं ना भिंत, ना पाया, चार मेंढ्या चरत होत्या. मग हे ठरवलं कशावरून?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : हार्डनॉटचा घाट मीही चढलोय, आणि गाडीत बसून माझ्याच पोटऱ्या दुखल्या. काही वळणांवर चढ तीनास एक आहे! आता त्या घाटात दुसरी सपाट जागा तुम्हाला कुठं दिसली? सगळा खडकाळ उतार. तेवढ्याच एका जागी वरच्या अंगाला डोंगर कापलाय, खालच्या अंगाला भराव घातलाय. मेंढ्यांसाठी एवढी माती कोण हलवेल? शिवाय मैदानाच्या कडेला, वर जायला उतरती वाट ठेवलेला एक उंचवटा आहे. त्यावर उभं राहून सेनानायक कवायत बघत असणार. रोमन सम्राट हेड्रियनच्या काळात इथली शिबंदी डाल्मेशियाची, म्हणजे आजच्या क्रोएशियाकडची, चौथी कोहोर्ट, म्हणजे रोमन सैन्याची तुकडी, होती. किल्ल्यात सापडलेल्या शिलालेखात तिचं नाव आहे.

कवायतीच्या जागेवर भांडीकुंडी, चुली सापडायच्या नाहीतच. ती रिकामी ठेवण्यासाठीच केलेली.

तरी तुमची शंका वावगी नाही. हार्डनॉट आहे त्याच कंब्रिया परगण्यात, समुद्रकाठच्या मेरीपोर्ट किल्ल्याजवळ 1870 मध्ये खड्ड्यांत पुरलेल्या 17 वेदी सापडल्या. बहुतेक ज्युपिटर या रोमन देवाच्या, तिथल्या सेनानायकांनी वाहिलेल्या. त्यावरून तर्क झाला, की दरवर्षी कवायतीच्या मैदानावर नवी वेदी उभारायची आणि जुनी तिथंच कडेला विधिपूर्वक पुरायची. गोष्ट इतकी छान, की कित्येक वर्षं मीही वर्गात रंगवून सांगितली. 2011 पासून तिथं पुन्हा उत्खनन झालं आणि निघालं काय, तर ते खड्डे मोठ्या लाकडी इमारतीच्या खांबांचे! खांब हलू नयेत म्हणून जुन्या वेदी भोवती ठोकून बसवल्या होत्या. देवाचा दगड, पण पाचर म्हणून. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांची आता काय माफी मागणार?

अशा मैदानाचा लेखी पुरावा मिळतो तो अल्जीरियात, लाम्बेसिसच्या रोमन छावणीत. तिथल्या सरावाच्या मैदानावरच्या स्तंभावर हेड्रियननं इ. स. 128 मध्ये सैन्यापुढं केलेली भाषणं कोरली होती. त्यांत एका तुकडीची पाठ थोपटताना तो म्हणतो, दुसऱ्यांनी कित्येक दिवस घेतले असते ती तटबंदी तुम्ही एका दिवसात पुरी केलीत.

हार्डनॉटला असं काही कोरलेलं नाही, मातीच वाचावी लागते. पुन्हा गेलात तर ऊन तिरपं झाल्यावर, मैदानाच्या खालच्या अंगाला उतरून वर बघा. भरावाची कड सावलीत उठून दिसेल. छत्री मात्र विसरू नका.