देश नाही, तरी परदेशात कार्यालय?

प्रश्न : मी राज्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅनडाच्या क्युबेक प्रांताचं पॅरिसमध्ये स्वतःचं कार्यालय आहे, असं वाचनात आलं. स्वतंत्र देश नसताना हे कसं चालतं? यात करिअर होईल का? बाबा म्हणतात, हे मृगजळ आहे.

उत्तर : मृगजळ नाही, पण वाट अरुंद आहे, हे बाबांचं मान्य करू.

क्युबेकचं पॅरिसमधलं कार्यालय १९६१ पासून आहे. १९६५ मध्ये क्युबेकचे मंत्री पॉल जेरँ-लाजवा यांनी परदेशी वाणिज्यदूतांसमोर एक भूमिका मांडली : घटनेनं जे विषय प्रांताकडे दिलेत, त्यांचे परदेशांशी व्यवहारही प्रांतानंच पाहावेत. शिक्षण आमच्याकडे, तर शिक्षणाचा करारही आमचा. प्रांतांनी किंवा राज्यांनी असे परदेशांशी थेट संबंध ठेवणं, याला ‘पॅराडिप्लोमसी’ म्हणतात. नाव बोजड आहे, घाबरू नकोस.

मुभा मात्र सगळीकडे सारखी नाही. बेल्जियमच्या प्रदेशांना १९९३ पासून आपापल्या विषयांत थेट करार करता येतात. तिथल्या वालोनियानं २०१६ मध्ये युरोपीय संघ आणि कॅनडाच्या व्यापार करारावरची सही काही दिवस अडवून धरली होती! जर्मनीतल्या राज्यांना केंद्राची संमती लागते. अमेरिकेतल्या राज्यांना तर परदेशांशी तह करायला घटनेचीच बंदी, म्हणून ती बहुतेकदा सामंजस्य करारावर (एमओयू, म्हणजे सहसा कायद्यानं न बांधणारा समजुतीचा कागद) भागवतात.

आणि खरं काम तिथेच आहे. अशा मसुद्यात ‘करू’ लिहायचं की ‘करण्याचा मानस आहे’, यावर तासन्‌तास खल होऊ शकतो. पहिल्या शब्दानं हात बांधले जातील अशी भीती असते, दुसऱ्यानं मान ठेवून मोकळं राहता येतं. तुला हा कीस काढण्यात मजा वाटत असेल, तर पुढे वाच. झेंडे आणि मेजवान्याच डोळ्यांसमोर असतील, तर हा नाद सोड.

वरची पदं त्या प्रांताच्याच माणसांकडे जातात, त्यांवर डोळा ठेवू नकोस. पण अशी कार्यालयं ज्या शहरात असतात, तिथली माणसंही नोकरीवर घेतात. व्यापार, गुंतवणूक, शिक्षण, संस्कृती अशा कामांसाठी. तुझा शिरकाव तिथूनच. राज्यशास्त्राला घटनात्मक कायद्याची किंवा व्यापाराची जोड दे. क्युबेक खुणावतंय ना? मग फ्रेंच आजपासून सुरू कर, ‘येते थोडी’ एवढ्यावर कुणी दारात उभं करणार नाही.

तोवर एखादा प्रसिद्ध झालेला सामंजस्य करार घे, त्यातल्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मार, आणि कोण नक्की कशाला बांधलं गेलंय ते मला लिहून पाठव.