फाइल अर्धवट पोहोचते आणि त्रुटीही दिसत नाही: 'राइट'ने परत दिलेली संख्या पाहिलीत का?

आपला प्रश्न वाचताना मला माझेच जुने दुखणे भेटल्यासारखे झाले. आपण लिहिले आहे की, सॉकेटवरून (जाळ्यावरच्या जोडणीच्या आपल्या टोकावरून) फाइली पाठवणारा आपला प्रोग्राम स्वतःच्या यंत्रावर बिनचूक चालतो, परंतु दूरच्या सर्व्हरवर काही फाइली मध्येच तुटलेल्या मिळतात. त्रुटीची नोंद कुठेच होत नाही आणि बाइट पाठवण्यासाठी प्रणालीला केलेला 'राइट' कॉल तर प्रत्येक वेळी 'यशस्वी होतो'. सॉकेट उघडणे, जोडणी करणे या गोष्टी आपल्याला येतातच, त्यामुळे तिकडे वळत नाही. मला बोलायचे आहे ते 'यशस्वी होतो' या दोन शब्दांविषयी, कारण माझे जवळजवळ सात आठवडे त्यांनीच खाल्ले.

माझा प्रोग्राम रोज रात्री मोजमापांच्या फाइली एका केंद्रीय सर्व्हरकडे पाठवत असे. फाइल पूर्ण मेमरीत घ्यायची, एकाच 'राइट'ला सोपवायची आणि सॉकेट बंद करायचे, एवढेच त्याचे काम. एकदा समोरचा सर्व्हर अडकून पडला आणि माझा प्रोग्राम रात्रभर तसाच ताटकळत राहिला, म्हणून मी सॉकेटला पाठवणीची ५ सेकंदांची मुदत लावली. मुदत संपली की कॉल त्रुटीची खूण म्हणून उणे एक परत देईल, माझी 'शून्याहून लहान असेल तर त्रुटी' ही अट ते पकडेल आणि आपण निर्धास्त, असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात लिनक्सचे कर्नल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभा, असे वागत नाही. मुदत संपेपर्यंत काही बाइट पाठवणीच्या बफरमध्ये, म्हणजे कर्नलच्या तात्पुरत्या साठ्यात, गेलेले असतील, तर 'राइट' तेवढ्या बाइटांची संख्या परत देते, आणि ती संख्या अर्थातच धन असते. एकही बाइट आत न जाता मुदत संपली, तरच उणे एक आणि 'ईअगेन' ('आत्ता जमले नाही') हा त्रुटीसंकेत मिळतो. म्हणजे मी त्रुटी पकडण्यासाठी जी मुदत लावली, तिनेच अर्धवट पाठवणीला जन्म दिला आणि माझ्या अटीने तिला बिनदिक्कत पुढे जाऊ दिले. त्यानंतर मी सॉकेट बंद करत असे, त्यामुळे समोरच्याला जोडणीचा अगदी रीतसर शेवट दिसे आणि तो आहे तेवढीच फाइल जपून ठेवत असे. स्वतःच्या यंत्रावर घेणारा प्रोग्राम झपाट्याने वाचत असल्याने ५ सेकंद कधी भरतच नसत.

यावर कळस म्हणजे माझी नोंदवही. तीत मी 'इतके बाइट पाठवले' असे लिहीत होतो, पण तो आकडा 'राइट'ने परत दिलेला नसून फाइलीच्या लांबीचा होता. जे पाठवायचे मनात होते तेच पाठवले म्हणून मी रोज नोंदवत गेलो, आणि वर तीच नोंदवही पुरावा म्हणून सगळ्यांना दाखवत राहिलो.

हा पुरावा घेऊन मी सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीच्या साहाय्य विभागाकडे गेलो, आणि तिथे तीन आठवडे गेले. सर्व्हर पुन्हा सुरू करून पाहा, पिंगचे (सर्व्हरपर्यंत पोहोचता येते का, या चाचणीचे) निकाल पाठवा, दुसऱ्या वेळी प्रयत्न करा, अशी ठरावीक मजकुराची उत्तरे येत; ७२ तासांत मी काही लिहिले नाही तर तक्रार आपोआप बंद होई, आणि नवी उघडली की नवी व्यक्ती पुन्हा पिंगपासून आरंभ करी. त्या विभागावरचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही. तरीही न्यायाने सांगायचे तर, त्यांच्या दुसऱ्याच उत्तरात, साच्यातल्या चार परिच्छेदांखाली, 'जोडणी आपल्या बाजूने बंद केली जात आहे' अशी एक ओळ होती. ती ओळ खरी होती. मला मात्र ती जबाबदारी झटकण्याची भाषा वाटली.

शेवटी वैतागून मी प्रोग्राम 'एसट्रेस'खाली, म्हणजे प्रोग्रामने कर्नलला केलेला प्रत्येक कॉल दाखवणाऱ्या साधनाखाली, चालवला. एका ओळीत 'राइट'ला दिलेली लांबी होती ८३८८६०८ आणि बरोबरच्या चिन्हापुढे उभा होता २९८१८८८ हा आकडा. त्याच्या लगेच खालची ओळ 'क्लोज'ची, म्हणजे सॉकेट बंद करण्याची होती.

दुरुस्तीतही मी एकदा घसरलो, तेही सांगतो. संख्या कमी आली की पुन्हा 'राइट' करायचे हे समजले, पण मी दुसऱ्या वेळी मेमरीतली फाइल पहिल्यापासूनच दिली. परिणामी काल तुटक येणारी फाइल आज मूळ फाइलीहून मोठी येऊ लागली. योग्य रीत अशी की, जितके बाइट गेले तितका पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) पुढे सरकवावा, उरलेली लांबी तितकी कमी करावी आणि ती शून्य होईपर्यंत फेरा चालू ठेवावा. उणे एक आले आणि कारण 'ईइंटर' (सिग्नलने, म्हणजे प्रोग्रामला मध्येच आलेल्या सूचनेने, कॉल तुटला) असेल, तर तोच कॉल पुन्हा करावा. 'ईअगेन' आला, तर नॉन-ब्लॉकिंग, म्हणजे कॉलला ताटकळत न ठेवणाऱ्या, सॉकेटच्या बाबतीत 'पोल' या कॉलने बफरमध्ये जागा मोकळी होण्याची वाट पाहावी. मुदत लावलेल्या सॉकेटच्या बाबतीत पाठवणी सोडायची की रेटायची, हे ठरवण्याची वेळ आली असे समजावे. परत येणारी संख्या चिन्हासहितच्या प्रकारात ठेवावी, अन्यथा उणे एक हा अवाढव्य धन आकडा होऊन बसतो. हा फेरा एका छोट्या फंक्शनात एकदाच लिहावा आणि उघडे 'राइट' इतरत्र कुठेही दिसू देऊ नये, असे माझे ठाम आणि कदाचित हट्टी मत आहे.

मी हे सर्व सी भाषा आणि लिनक्स यांपुरते सांगत आहे. इतर प्रणालींत तपशील वेगळे असू शकतात, म्हणून तेथील माहितीपुस्तिका पाहावी. आपल्या प्रोग्राममध्ये मुदत लावलेली नसेलही. पण नॉन-ब्लॉकिंग सॉकेट असेल, किंवा काही बाइट गेल्यानंतर मध्येच सिग्नल आला असेल, तरी असेच अर्धवट 'राइट' घडते.

फेरा लिहिल्यावरही एक गैरसमज शिल्लक राहतो. सगळे बाइट स्वीकारले गेले याचा अर्थ ते आपल्या कर्नलच्या बफरमध्ये पोहोचले, इतकाच आहे. समोरच्या प्रोग्रामने ते वाचले असा नाही. समोरच्याने जोडणी बंद केल्यानंतरचे पहिले 'राइट' अनेकदा यशस्वीच होते आणि 'ईपाइप' (जोडणी तुटली) हा त्रुटीसंकेत त्यानंतरच्या कॉलला मिळतो. त्यासोबत येणारा 'सिगपाइप' हा सिग्नल हाताळला नसेल, तर प्रोग्राम एका शब्दानेही न कळवता मरतो. 'राइट'ऐवजी 'सेंड' हा कॉल वापरून त्याला 'एमएसजी_नोसिग्नल' हा पर्याय दिला की हे टळते. म्हणून आधी फाइलीची लांबी पाठवावी, नंतर मजकूर पाठवावा आणि समोरून पोच आल्याशिवाय फाइल पाठवली असे नोंदवू नये. मी ही लांबी पहिल्या दिवसापासून पाठवली असती, तर घेणाऱ्यानेच पहिल्या रात्री बोंब मारली असती.

फाइलींनाही हेच लागू आहे. डिस्क भरत आली की 'राइट' मावेल तेवढे लिहून कमी संख्या देते आणि 'ईएनओएसपीसी' (जागा उरली नाही) हा त्रुटीसंकेत पुढच्या कॉलला दिसतो. शिवाय यशस्वी 'राइट'नंतर मजकूर बहुधा मेमरीतच असतो, त्यामुळे डिस्कवरची खरी त्रुटी 'एफसिंक'लाच, म्हणजे मजकूर डिस्कवर उतरवायला लावणाऱ्या कॉललाच, कळू शकते. ते 'एफसिंक' चुकले तर पुन्हा करून पाहू नये, कारण लिनक्स डिस्कवर न लिहिलेली पाने (मेमरीचे तुकडे) लिहून झालेली समजून मोकळे होऊ शकते आणि दुसरे 'एफसिंक' खोटे यश दाखवते. पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेस प्रणालीच्या मंडळींना २०१८ मध्ये हेच आढळले, आणि त्यानंतर त्यांनी अशा वेळी डेटाबेसचा सर्व्हर थांबवून लॉगवरून (बदलांच्या नोंदींवरून) सावरण्याचा मार्ग वेगळे सांगितले नसेल तेव्हाचे नेहमीचे वर्तन म्हणून स्वीकारला.

आपण आज फक्त 'राइट', 'सेंड' आणि 'क्लोज' एवढेच कॉल दाखवायला सांगून 'एसट्रेस' चालवावे, तुटलेल्या एका फाइलीपुरत्या ओळी काढाव्यात आणि दिलेली लांबी व परत आलेला आकडा शेजारी शेजारी ठेवून येथे लिहावे. दोन्ही आकडे सारखे निघाले, तर माझे निदान चुकले असे समजून आपण घेणाऱ्या बाजूचा 'रीड', म्हणजे बाइट वाचणारा कॉल, तपासू.