पोरगं ट्रेनिंगला निघालं: घरच्यांचे प्रश्न

मुलाला पुढच्या महिन्यात सैन्यात अग्निवीर म्हणून बेळगावच्या मराठा सेंटरला (मराठा लाइट इन्फंट्रीच्या ट्रेनिंग केंद्राला) हजर व्हायचंय. कागदपत्रांत काय बघावं? (एक वडील, खानापूर)

सगळ्यात आधी नाव. आपल्या भागात शाळेचा दाखला कन्नडमध्ये, आधारवर स्पेलिंग वेगळं आणि मार्क्सकार्डवर आडनावाच्या जागी नुसतं इनिशियल, हे घरोघरी आढळतं. दहावीचं मार्क्सकार्ड समोर ठेवा आणि आधार, पॅन, बँक पासबुक त्याच्याशी अक्षर न् अक्षर जुळवा. वडिलांचं नाव आणि जन्मतारीखही तपासा. फरक दिसला तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. आत गेल्यावर त्याला सहज बाहेर पडता येत नाही, आणि आधार केंद्रावर तो स्वतःच लागतो. नाडकचेरीतले (गावाजवळच्या महसूल कार्यालयातले) दाखले मुदतीत आहेत ना, तेही पाहा. सोन्याची साखळी, अंगठी घरीच राहू दे.

भरतीनंतर चार महिने पोरगं घरी बसून आहे. जायच्या आधी रोज दहा किलोमीटर पळायला लावू का? (निपाणी)

नको. पायाची हाडं मोडतात ती इथेच. हाडावर अचानक भार वाढला की शरीर आधी जुना भाग झिजवतं आणि नवा नंतर भरतं. त्यामुळे मधले काही आठवडे हाड कच्चं असतं. चार महिने बसलेला मुलगा एकदम पळू लागला, तर नेमक्या त्याच आठवड्यांत ड्रिल आणि बूट सुरू होतात. त्यापेक्षा दोन-तीन किलोमीटरपासून सुरुवात करा, दर आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपास वाढवा आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती द्या. नाचणीची भाकरी, दही, अंडी आणि सकाळचं ऊन चालू ठेवा. पायाची नखं सरळ कापायला शिकवा. कोपरे गोल कापले की नख मांसात जातं.

दुखणं कसं ओळखायचं, हेही त्याला सांगून ठेवा. नडगीच्या कडेने लांबवर दुखत असेल तर बहुधा ताण असतो. एका बोटाने नेमकी जागा दाखवता येत असेल, आणि रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर त्याच दिवशी एमआय रूम, म्हणजे सेंटरमधला दवाखाना, गाठायची. रेलिगेट होऊन मागच्या तुकडीत जावं लागेल, या भीतीने पोरं गोळ्या खाऊन दुखणं लपवतात. मग केसाएवढी चीर पूर्ण फ्रॅक्चर होते आणि काही आठवड्यांच्या जागी काही महिने जातात. घरून एवढंच सांगा, "मागं पडलास तरी चालेल, लपवू नको."

तीन आठवडे झाले. फोन आला की रडतो, "न्यायला या" म्हणतो. सेंटर जवळच आहे. जाऊन आणू का? (एक आई, कडोली)

ताई, गेटवर जाऊन उभ्या राहू नका. पहिले तीन-चार आठवडे सगळ्यात जड. उजाडायच्या आधी उठणं, अंगभर दुखणं, उस्तादांचा (ट्रेनिंग देणाऱ्यांचा) रगडा, हुकूम सगळे हिंदीत. फोन ठरलेल्या वेळीच मिळतो. त्या थोड्या मिनिटांत विचारा, लंगरमध्ये (तिथल्या जेवणघरात) काय जेवलास, झोप लागते का, कुठे दुखतंय. तुम्ही रडलात तर तो पुढचे दिवस तेच घेऊन फिरतो. "सोडून येतो" म्हणाला तर वाद घालू नका. "पुढच्या फोनला परत बोलू" म्हणा. बहुतेकदा तेव्हा सूर बदललेला असतो. मात्र जेवणच सोडलं असेल, दिवसचे दिवस झोप नसेल किंवा जीव देण्याचं बोलला, तर वाट पाहू नका. लगेच त्याच्या कंपनीच्या (सेंटरमधल्या त्याच्या तुकडीच्या) ऑफिसला कळवा. 14416 या टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर तुम्हालाही सल्ला मिळतो. घरात मोठी वाईट बातमी असली तरी कंपनीमार्फतच कळवा; लपवलेलं नंतर जास्त लागतं.

मुलगी मिलिटरी पोलिसात, बंगळूरला जातेय. वेगळं काय? (येळ्ळूर)

हिमोग्लोबिन तपासून घ्या. 12 च्या खाली असेल तर निघण्याआधीच डॉक्टरकडून उपचार सुरू करा. ट्रेनिंगमध्ये पाळी बंद झाली तर "दगदगीमुळे" म्हणून सोडून देऊ नये. खाणं कमी पडतंय आणि हाडं कच्ची होतायत, याची ती खूण असू शकते. तिने लेडी डॉक्टरशी मोकळेपणी बोलावं, हे आईनेच आधी सांगावं.

पगारावर ट्रॅक्टरचं कर्ज काढावं का? (उचगाव)

काढू नका. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिन्याच्या 30,000 पैकी 9,000 सेवा निधीत (चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या फंडात) जातात, हातात 21,000 येतात. सेवा चार वर्षांची, आणि पुढे जास्तीत जास्त 25 टक्केच कायम होतात. हप्ता त्यापुढचा असेल तर तो त्याच्या डोक्यावर आत्ताच ठेवू नका.